नहेम्याची भिंत आणि तोबीयाची खोली

पुष्कळ दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही आठवडे कॉम्प्युटरकडे फिरकायचं नाही अशी तंबी दिली. नागपूरच्या भाचीने फोन करून "मामा, ब्लॉग बंद केलात की काय?" असं विचारलं, तेव्हा बरं वाटलं. म्हणजे निदान एक वाचक नक्की आहे.

त्या सक्तीच्या रजेत माझा नातू रोज संध्याकाळी मला वाचून दाखवायचा. त्याला मी जुन्या करारातलं नहेम्याचं पुस्तक वाचायला लावलं. सगळेच्या सगळे तेरा अध्याय. तिसऱ्या अध्यायातली नावं वाचताना त्याची अशी काही तारांबळ उडाली की आतल्या खोलीतून त्याची आजी हसायला लागली.

नहेम्याच का, तर त्याला कारण आहे. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) आमच्या मूळ गावी आमचं एक जुनं चर्च आहे. माझ्या लहानपणी नाताळच्या उपासनेला आत पाय ठेवायला जागा नसे, बायाबापड्या पायऱ्यांवर बसत. आता रविवारी पस्तीस-चाळीस माणसं असतात, त्यातली निम्मी माझ्या वयाची. छत गळतं. मागची भिंत फुगली आहे. दोन वर्षांपूर्वी एक तरुण पाळकसाहेब आले आणि त्यांनी मंडळी पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. (आम्हा ख्रिस्ती लोकांत 'मंडळी' म्हणजे चर्चचे सभासद. इतर ब्लॉगमित्रांनी घोटाळा करून घेऊ नये.) त्यासाठी तीन संध्याकाळ संजीवन सभा ठरल्या. पाळकसाहेब घरी आले, चहा झाला, आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. तुम्ही नहेम्यावर बोला."

आता खरं सांगायचं तर मी मनातून थोडा नाराज झालो. चर्चचं काहीही दुरुस्त करायचं निघालं की वक्ते नहेम्याला हाक मारतात. मी आजवर ही प्रवचनं डझनभर तरी ऐकली असतील. पडलेली भिंत, बावन्न दिवस, एकजूट, शत्रूंचा पराभव, आणि शेवटी दानपेटी फिरते. पण वाचून घेताना लक्षात आलं की आपण सगळे सहाव्या अध्यायाशी पुस्तक मिटतो. भिंत तिथे पुरी होते ना! पुढचे सात अध्याय कोणी उघडत नाही. आणि पाचवाही घाईघाईने ओलांडला जातो. तिथे काय आहे हे पुढे येईलच.

ज्यांना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. शिक्षकाची खोड, दुसरं काय.

इ.स.पूर्व ५८७ साली (काहीजण ५८६ धरतात) बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं आणि तिथल्या प्रतिष्ठित लोकांना धरून बाबेलला नेलं. पुढे ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल घेतलं आणि परागंदा यहूद्यांना परत जायची मोकळीक दिली. सगळे काही गेले नाहीत. पन्नास वर्षांत तिकडे घरंदारं झाली होती, धंदे लागले होते. जे गेले त्यांनी जरुब्बाबेल आणि येशूवा याजक यांच्या मागे उभं राहून मंदिराचा पाया घातला. मग काम रखडलं. हाग्गय आणि जखऱ्या या संदेष्ट्यांनी लोकांच्या मागे लागून लागून ते पुन्हा सुरू करवलं, आणि ५१५ मध्ये मंदिर उभं राहिलं.

पाया घातला त्या दिवसाचा एक प्रसंग एज्राच्या पुस्तकात आहे. ज्या म्हाताऱ्यांनी पहिलं, शलमोनाचं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं ते मोठमोठ्याने रडू लागले, आणि तरुण लोक आनंदाने ओरडू लागले. दोन्ही आवाज असे मिसळले की रडणं कुठलं आणि जल्लोष कुठला ते लांबून ऐकणाऱ्याला कळेना. आमच्या कमिटीच्या बैठकीचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. मी कुठल्या बाजूला बसतो ते सांगायला नको.

मंदिर झालं, पण गाव काही वसलं नाही. सत्तर वर्षं गेली. मग ४४५ मध्ये, पहिल्या अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षी, शूशनच्या राजवाड्यात नहेम्याला त्याचा भाऊ हनानी भेटायला आला. नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता, म्हणजे राजाच्या हातात मद्याचा पेला देणारा. विषप्रयोगाच्या त्या काळात हे पद फार विश्वासातल्या माणसालाच मिळे. हनानीने सांगितलं, भिंत पडलेली आहे, वेशी जळालेल्या आहेत, लोक हाल काढताहेत.

ही बातमी आली किसलेव महिन्यात. राजापाशी शब्द काढला नीसान महिन्यात. म्हणजे मध्ये तीन-चार महिने गेले. एवढ्या काळात त्याने सभा भरवली नाही, पत्रक काढलं नाही. उपास केले, प्रार्थना केली, आणि बहुधा हिशेब मांडला. कारण राजाने काय हवं विचारल्याबरोबर त्याच्याकडे सगळं तयार होतं. किती दिवस लागतील, कोणत्या सुभेदारांच्या नावे पत्रं लागतील, लाकूड कोणाच्या वनातून मिळेल. शाळेच्या इमारतीसाठी जिल्हा परिषदेत खेटे घातलेल्या कुणालाही या तयारीचं मोल कळेल.

यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस गप्प. मग रात्री चार माणसं आणि एक जनावर घेऊन तो पडक्या भिंतीच्या कडेने फिरला. कुणाला काही सांगितलं नाही. एका ठिकाणी, राजाच्या तळ्यापाशी, राडारोडा इतका होता की जनावराला पुढे जायला वाटच मिळेना.

हे वाक्य मी पूर्वी शंभरदा वाचलं असेल. पण एका उत्खननाविषयी वाचलं तेव्हा त्याचा अर्थ उमगला. १९६१ ते १९६७ या काळात कॅथलीन केन्यन या ब्रिटिश विदुषीने यरुशलेमेच्या पूर्वेच्या उतारावर खोदकाम केलं. तिथली जुनी घरं उतारावर दगडी बांध घालून, पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेली होती. आपल्याकडे डोंगरउतारावर ताली घालून शेत करतात ना, तसंच काहीसं. नगर उद्ध्वस्त झाल्यावर त्या बांधांची निगा राखायला कोणी राहिलं नाही. ते खचले आणि सगळा उतार ढिगाऱ्याखाली गेला. केन्यनबाईंचं म्हणणं असं पडलं की नहेम्याने तो उतार सोडूनच दिला. पूर्वीची भिंत खाली उतारावर होती, त्याने आपली भिंत वर, टेकडीच्या माथ्यावरून घेतली. म्हणजे नगर आक्रसून घेतलं. हे मत सगळ्यांना मान्य आहे असं नाही. काही तज्ज्ञ म्हणतात त्याने जुन्याच भिंतीची डागडुजी केली, तर काहींच्या मते त्याच्या काळची म्हणून दाखवता येईल अशी भिंत सापडलेलीच नाही. पण त्या काळचं यरुशलेम अगदी लहान होतं, वस्ती हजार-दोन हजारांच्या आतबाहेर किंवा त्याहूनही कमी असावी, याबद्दल फारसा वाद दिसत नाही. बावन्न दिवसांत भिंत झाली यामागे देवाची कृपा होतीच, पण मला वाटतं, जनावर अडलं त्या जागी नहेम्याच्या मनाने घेतलेला एक कटू निर्णयही असावा. आजोबा-पणजोबांचं नगर जेवढं होतं तेवढं पुन्हा बांधायचं नाही. आज जेवढं राखता येईल तेवढ्यालाच कुंपण घालायचं.

आमच्या कमिटीने एका कंत्राटदाराकडून अंदाजपत्रक करून घेतलं होतं. तीनशे माणसांची बैठक, घंटेचा मनोरा, सगळं "पूर्वीसारखं". मीच तो शब्द घालायला लावला होता.

असो. तिसऱ्या अध्यायाकडे येतो. नातवाला कंटाळा आला, पण मला तो अध्याय गावच्या हजेरीपटासारखा वाटतो. कुणी कुठून कुठपर्यंत बांधलं याची नोंद. महायाजक एल्याशीब आणि त्याचे भाऊ मेंढरे-वेशीपासून सुरुवात करतात. पुढे सोनार आहेत, सुगंधी तेलं करणारे आहेत, व्यापारी आहेत. गवंडी म्हणून कुणाचा स्वतंत्र उल्लेखच नाही! शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या मुलींना घेऊन एक भाग बांधला. पुष्कळांना आपापल्या घरासमोरचा तुकडा दिलेला आहे, आणि यात मला नहेम्याची चतुराई दिसते. स्वतःच्या दारापुढची भिंत कोण कच्ची ठेवील? तकोवाच्या लोकांनी एक भाग पुरा करून दुसराही घेतला, पण त्यांच्यातल्या बड्या लोकांनी मान वाकवली नाही, हेही लिहून ठेवलं आहे. अडीच हजार वर्षं झाली, अजून वाचलं जातं बिचाऱ्यांचं.

आता विरोधक. शोमरोनचा सनबल्लट, अम्मोनी तोबीया, अरबी गेशेम. प्रवचनांत हे तिघे रामलीलेतल्या राक्षसांसारखे येतात. पण इतिहास जरा वेगळं दाखवतो. दक्षिण इजिप्तमध्ये आस्वानजवळ एलेफंटाइन नावाचं बेट आहे. तिथे इराणी सैन्यात चाकरीला असलेल्या यहूद्यांची वसाहत होती, आणि त्यांची अरामी भाषेतली कागदपत्रं सापडली आहेत. इ.स.पूर्व ४१० मध्ये त्यांचं मंदिर पाडलं गेलं. ४०७ मध्ये त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला अर्ज केला, त्यात म्हटलं आहे की आम्ही शोमरोनचा सुभेदार सनबल्लट याच्या मुलांनाही, दलाया आणि शलेम्या यांनाही, लिहिलं आहे. म्हणजे सनबल्लट खरोखरीचा माणूस, नहेम्यासारखाच इराणच्या राजाचा नोकर. आणि मुलांची नावं पाहा. दोन्ही नावांच्या शेवटी इस्राएलाच्या देवाचं नाव आहे. तेव्हा हा कुणी परधर्मी राक्षस नव्हता, एकाच देवाचं नाव घेणारा शेजारी होता. चर्चमधल्या दोन पार्ट्यांत राहून म्हातारा झालेल्या मला हे वाचून जरा खजील व्हायला झालं.

आता तो पाचवा अध्याय.

भिंतीचं काम ऐन भरात असताना बायाबापड्यांनी आरडाओरडा केला. बाहेरच्या शत्रूविरुद्ध नाही, आपल्याच भाऊबंदांविरुद्ध. दुष्काळ पडला होता. कुणी धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली होती, कुणी राजाचा सारा भरायला कर्ज काढलं होतं. मुली दासी म्हणून द्याव्या लागत होत्या. आणि सावकार कोण, तर भिंत बांधायला पुढे असलेलेच सरदार आणि अधिकारी. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या का जाळल्या आणि ते लोण आमच्या नगर जिल्ह्यात कसं पसरलं, हे मी वर्षानुवर्षं आठवी-नववीला शिकवलं. त्यामुळे हा अध्याय मला परका वाटतच नाही.

नहेम्या संतापला. पण त्याने नुसतं दुसऱ्यांना झापलं नाही. भर सभेत त्याने कबूल केलं की मी, माझे भाऊ आणि माझे नोकरही पैसे आणि धान्य उसनं देत आलो आहोत. मग म्हणाला, आजच्या आज शेतं परत करा, घरं परत करा, आणि घेता तो शंभरावा हिस्साही परत करा. (दरमहा शेकडा एक, म्हणजे सालाला बारा टक्के, असा त्याचा अर्थ बरेच टीकाकार लावतात.) आणि पुढे लिहितो की सुभेदार असताना बारा वर्षं मी सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, आधीचे सुभेदार चाळीस शेकेल रुपं उकळत, मी नाही. त्याच्या पंगतीला दीडशे माणसं रोज असत. एक बैल, सहा निवडक मेंढरं, वर कोंबड्या. तो खर्च त्याने स्वतः उचलला.

भिंत थांबवून त्याने हा निवाडा केला. मला वाटतं, चर्च उभं करू पाहणाऱ्या पुढाऱ्याने नहेम्याकडून एकच गोष्ट घ्यायची झाली तर ती ही. लोकांपुढे हात पसरण्याआधी आपल्याकडे त्यांचं काय अडकलं आहे ते मोजायचं, आणि स्वतःचं नाव त्या यादीत पहिलं घालायचं.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात हा नहेम्या अधूनमधून डोकावतो. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले तेव्हा बाप्तिस्म्यात त्यांनी नहेम्या हेच नाव घेतलं. पुढे फादर नहेम्या गोरे म्हणून ते ओळखले गेले, आणि पंडिता रमाबाईंच्या विचारांवर त्यांचा ठसा उमटला. पैशाचा प्रश्न तर आमच्याकडे पहिल्यापासूनचा. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. मंडळ्यांना आपले पाळक हवेत आणि त्या आपल्या पैशांवर चालायला हव्यात, हा त्यांचा आग्रह. १८५४ मध्येच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळक आपले झाले. पैसे मात्र बराच काळ बोस्टनचेच राहिले.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे फार बोचे. १९१७ साली त्यांनी मिशनमधली पगारी जागा सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले, आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. टिळकांच्या अशा त्यागांची किंमत घरात कोण मोजत असे ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचावं. नहेम्याच्या पुस्तकात त्याच्या बायकोचा कुठे उल्लेख नाही. दीडशे माणसांची पंगत रोज उठायची, तेव्हा चुलीपाशी कोण होतं कुणास ठाऊक. आमच्या हिने हा प्रश्न विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री नियमशास्त्राचं पुस्तक घेऊन लाकडी मंचावर उभा राहतो आणि पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो. पुरुष, बायका, ज्यांना समजेल ती मुलंही ऐकायला. नुसतं वाचन नाही, लेवी लोकांत फिरून अर्थ समजावून सांगत होते. लोक रडू लागले, तर पुढाऱ्यांनी सांगितलं, रडू नका, घरी जाऊन गोडधोड खा, आणि ज्याच्या घरी काही नसेल त्याला वाटा पाठवा. इथे मला केडगावच्या रमाबाई आठवतात. शेवटची कितीतरी वर्षं त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. छपाई मुक्ती सदनातल्याच छापखान्यात झाली. आमच्या चर्चमध्ये मात्र आजही असे शब्द वापरतात की दहावी झालेली माझी नात विचारते, "आजोबा, 'प्रायश्चित्त' कळतं, पण 'नीतिमान ठरविणे' म्हणजे नक्की काय?" मला समजावून सांगायला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास रविवारच्या उपासनेत नसतो.

अकराव्या अध्यायावर फार बोलत नाही. भिंत झाली, आत माणसं नाहीत, म्हणून चिठ्ठ्या टाकून दहातल्या एकाला यरुशलेमेत राहायला आणलं. आमच्या गावात चिठ्ठी टाकायची तर पिंपरी-चिंचवडमध्ये टाकावी लागेल.

आणि मग तेरावा अध्याय, पुस्तकातला शेवटचा. ४३३ च्या सुमारास नहेम्या राजाकडे परत गेला. काही काळाने रजा घेऊन पुन्हा आला, आणि पाहतो तर काय! एल्याशीब याजकाने मंदिराच्या आवारातली मोठी खोली तोबीयाला राहायला देऊन टाकलेली. हो, तोच तोबीया. त्या खोलीत पूर्वी धान्यार्पणं, धूप, पात्रं आणि लेवी लोकांचा वाटा ठेवत. लेवींना वाटा मिळेनासा झाला म्हणून ते उपासना सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले होते. शब्बाथाच्या दिवशी द्राक्षकुंड तुडवणं चाललेलं, सोरचे व्यापारी मासे विकत होते. (शब्बाथ म्हटलं की आपल्या कोकणातले बेने इस्राएल आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. शेकडो वर्षं ग्रंथ जवळ नसताना त्यांनी तो दिवस पाळला.) महायाजकाचा एक नातू तर सनबल्लटाचा जावई झाला होता.

नहेम्याने तोबीयाचं सामान बाहेर फेकलं, खोली शुद्ध करून घेतली, लेवींना परत आणलं, शब्बाथाला वेशी लावून घेतल्या. इथवर ठीक. पण परक्या बायका केलेल्यांना त्याने शिव्याशाप दिले, काहींना मारलं, केस उपटले. एज्राच्या पुस्तकात तर अशा बायका लेकरांसकट घालवून दिल्याचं येतं. ते मला आजही वाचवत नाही. त्याच पवित्र शास्त्रात रूथ आहे, मवाबी, आणि ती दावीद राजाची पणजी. नहेम्या थोर होता म्हणून त्याचं सगळंच बरोबर, असं मी सभेत बोललो नाही आणि बोलणारही नाही. बारा वर्षांची मेहनत मागे वळून पाहिल्यावर विस्कटलेली दिसली, त्यात त्याचा तोल गेला. मंडळी उभी करणाऱ्या कितीतरी चांगल्या माणसांचा असाच शेवटी तोल गेलेला मी पाहिला आहे.

नातवाने हा अध्याय वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

काही वर्षांपूर्वी मी मंडळीचा खजिनदार होतो. तेव्हाच्या पाळकांच्या पगारातला निम्मा वाटा आम्ही द्यायचा होता. वर्गणी थकली, आणि सात महिने आमचा वाटा गेला नाही. बँकेत इमारत निधीची मुदत ठेव होती. ती मोडायची का, असा विषय निघाला तेव्हा "इमारतीचे पैसे इमारतीलाच" असं ठासून सांगणारा मी. ठरावावर माझी सही आहे. ते पाळक आधी शिकवण्या घेऊ लागले, मग एका खासगी शाळेत नोकरी धरून निघून गेले. निरोपाला आम्ही त्यांना शाल दिली होती. लेवी आपल्या शेतावर गेले, असं नहेम्या लिहितो. शाल दिल्याचा उल्लेख तिथे नाही.

दुसरी गोष्ट त्यामानाने लहान, पण सांगायला अवघड. चर्चला लागून एक खोली आहे. पूर्वी तिथे सुगीचं अर्पणाचं धान्य ठेवत आणि रविवारी मुलांची शाळा भरे. गावचं आमचं घर पडलं तेव्हा "चार दिवस" म्हणून माझं सामान तिथे ठेवलं. तीन ट्रंका, पुस्तकांचं कपाट, वडिलांचा पलंग, एक शिवणयंत्र. त्याला अकरा वर्षं झाली. किल्ली माझ्याकडे. मुलांची शाळा पडवीत भरते, पाऊस आला की सुटते. मला कुणी कधी बोललं नाही. गुरुजींना कोण बोलणार!

तिसऱ्या संध्याकाळी मी हे सगळं सभेत सांगितलं. आधी बेत नव्हता. पाचव्या अध्यायावर बोलताना नहेम्याचं "मी, माझे भाऊ" इथवर आलो आणि पुढे माझंच सांगत गेलो. सभा एकदम शांत झाली. मागच्या बाकावरून एका आजींनी "मोठ्याने बोला मास्तर, ऐकू येत नाही" असं म्हटल्यामुळे शाल आणि पगाराचा भाग दोनदा सांगावा लागला.

पुढच्या आठवड्यात कमिटीत मी ठराव मांडला. छताआधी त्या पाळकांची सात महिन्यांची बाकी द्यावी, मनोरा आणि तीनशेची बैठक सोडून द्यावी, आणि वेदीकडचा निम्मा भागच नीट शाकारून चाळीस-पन्नास माणसांची जागा कोरडी करावी. बरीच वादावादी झाली. माझ्याच वयाचे एक गृहस्थ, ज्यांच्या आजोबांनी त्या भिंतीचे दगड वाहिले होते, ते रडले. मला त्यांच्याशी वाद घालवेना. बाकीचा विषय पाच विरुद्ध चार मतांनी पास झाला. छताचा तहकूब आहे.

परवा थोरला मुलगा टेम्पो घेऊन गावी गेला आणि सामान घेऊन आला. पलंगाला वाळवी लागली होती, तो तिथेच मोडला. ट्रंका आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली आहेत, कपाट जिन्यात आहे, आणि शिवणयंत्र कुठे ठेवायचं यावर सध्या घरात चर्चा चालू आहे. किल्ली पाळकसाहेबांकडे दिली. पाळकीणबाईंचा काल फोन आला होता. खोलीत उंदरांची बिळं निघाली, ती बुजवायला सिमेंट कुठून आणायचं, असं विचारत होत्या.